समितीनं खाल्लेले नारळ

"माकापुनो स्वयंपाकघरात ठेवू नकोस," वाडीवाल्या लोलो तिबोंनी, म्हणजे तिबो आजोबांनी, मला बजावलं होतं. "जिथं चूल आहे आणि बाई आहे, तिथं माकापुनो दुसरा दिवस बघत नाही."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "आमच्या घरातल्या बाईला शुगर आहे, लोलो. गोडाला ती बोटसुद्धा लावत नाही."

"न खाणाऱ्या बायकाच जास्त धोक्याच्या. आमची फेलिसा स्वतः चमचाभर खायची नाही, पण घरात नारळ शिल्लक राहू दिला असेल तर शपथ."

मी गोणीचं तोंड बांधलं आणि जीपनी, म्हणजे आमच्याकडची वडापची गाडी, गाठायला निघाले. घरी माझी तान्ही लेक लाया तापली होती. माझं निम्मं लक्ष फोनकडे होतं आणि उरलेलं निम्मं पावसानं वाहून गेलेल्या रस्त्याकडे.

लगुना प्रांतात, नागकार्लानच्या वरच्या टेकडीवर लोलोंची वाडी आहे. माकापुनो बाहेरून साध्या नारळासारखाच दिसतो. फोडला की आत पाणी जवळजवळ नसतं, कडक खोबरंही नसतं. करवंटी खरवसासारख्या मऊ गरानं भरलेली असते. त्याची मिठाई न आवडणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. साध्या माडाला असा नारळ धरला तर घडात एखादा. लोलोंच्या बायकोनं लग्नाच्या वर्षी लावलेल्या झाडाला मात्र दर घडात तीन-चार तसले धरायचे. पण असा नारळ जमिनीत पुरून कधी रुजत नाही. आतला भ्रूण चांगला जिवंत असतो, त्याला पोसणारा गरच आधी कुजून जातो. म्हणून तो भ्रूण बाहेर काढायचा, प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत तयार अन्नावर वाढवायचा आणि मोठा झाला की मातीत लावायचा. डोंगराच्या पायथ्याच्या विद्यापीठात मी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होते, आणि फेलिसाचं हे झाड माझ्या प्रबंधाचा विषय होणार होतं.

तेवढ्यात वादळ आलं आणि झाड कमरेतून मोडलं.

आडव्या पडलेल्या झाडाचे पिकलेले नारळ लोलोंनी एकेक करून कानाशी हलवले. पाणी डुचमळलं की बाजूला, मुका राहिला की गोणीत. गोणीत आठ आले.

"यातून एक तरी परत आण," ते म्हणाले होते. "फेलिसाचं झाड आहे."

"आणते," मी म्हणाले. असे शब्द त्या वेळी किती पटकन तोंडातून जातात.

वादळानं प्रयोगशाळेच्या इमारतीची वीज गेली होती, तिला कुलूप होतं. गोणी मी घरात मोरीच्या कट्ट्याखाली गारव्याला ठेवली. सोमवारी दुसऱ्या इमारतीत समितीपुढे माझ्या विषयाची मांडणी होती. मंगळवारी प्रयोगशाळा उघडली की नारळ फोडायचे, असं मी ठरवलं होतं. शनिवारी लाया रात्रभर कण्हत होती. मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होते. रविवारी दुपारी तिला छातीवर घेऊन जी झोपले, ती संध्याकाळीच उठले. घरात साखरेच्या पाकाचा वास येत होता. शेजारच्या लुरिंगकडे काहीतरी शिजतंय, असं मला वाटलं.

आमच्याकडे समितीपुढे उभं राहणाऱ्यानं समितीला खायला घालायचं असतं. हे कुठंही लिहिलेलं नाही, आणि मोडायची हिंमतही कुणात नाही. मी कँटीनमधून पान्सित सांगून ठेवलं होतं. नूडल्स झाल्या, कागदी ताटल्या झाल्या, माझ्या मते काम झालं. सोमवारी निघताना माझ्या सासूबाईंनी, नानाय सिद्रांनी, एक जड पिशवी हातात दिली.

"हे पण ने. वाटेत उघडू नकोस, सांडेल."

मी लायाच्या कपाळाला हात लावत होते. कपाळ गार होतं. त्या आनंदात पिशवीत काय आहे हे विचारायचं राहिलं.

समितीत तिघं होते. माझ्या मार्गदर्शक गात्दुला मॅडम, डॉक्टर दिमायुगा नावाचे जाडजूड गृहस्थ, आणि वर्षभर सर्दी असलेल्या एक अबोल बाई. नानायची पिशवी त्यांनीच उघडून आतल्या बरण्या वाटून घेतल्या होत्या. मी पडद्यावर चित्रं दाखवत होते, ते खात होते. प्रथाच आहे तशी. बोलता बोलता मोडलेल्या झाडाचा फोटो आला.

"हे झाड आता नाही," मी म्हणाले. "पण त्याचे शेवटचे आठ नारळ माझ्याकडे सुरक्षित आहेत."

दिमायुगा सर बरणीचा तळ चमच्यानं खरवडत होते. "वेर्ना, मध्येच विचारतो म्हणून राग मानू नकोस. हा माकापुनो कुठला? दुकानातला नाही हा. दुकानातला इतका मऊ नसतो."

"सासूबाईंनी केला असेल, सर."

"त्यांना नारळ कुठं मिळाले? वादळानंतर बाजारात मला एक दिसला नाही."

मोरीचा कट्टा, पाकाचा वास, जड पिशवी, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"सर," मी म्हणाले, "तो चमचा जरा खाली ठेवता का?"

गात्दुला मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग स्वतःच्या पुढ्यातल्या बरणीकडे. "आठ म्हणालीस ना?"

"हो, मॅडम."

"आणि सुरक्षित म्हणालीस."

"आहेत की सुरक्षित," दिमायुगा सरांनी पोटावर हात ठेवला. "आता एवढं खाल्ल्यावर हिला नापास तरी कोणत्या तोंडानं करायचं?"

अबोल बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि मग त्यांना खोकला आला. मॅडम हसल्या नाहीत. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "घरी जा. आत्ता. करवंट्या कुठं आहेत बघ. आणि न उघडलेली ती बरणी घेऊन जा, नाहीतर दिमायुगा तीही तपासतील."

नानाय लायाला पंख्यानं वारा घालत बसल्या होत्या. "आवडलं का त्यांना?"

"नानाय, गोणीतले नारळ..."

"मग काय, कँटीनच्या नूडल्सवर मास्तरांना बसवायचं? लोक म्हणतील, ओदेलच्या बायकोला घरदार नाही. तू झोपली होतीस, म्हटलं कशाला उठवा."

"ते माझ्या अभ्यासाचे होते."

"अभ्यासाच्याच माणसांनी खाल्ले ना."

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि पंखा थांबला.

मी खाली बसले. "नारळाच्या डोळ्यापाशी गरात एक लहानसं पांढरं बोंड असतं. शेंगदाण्याहून लहान. त्याचं काय केलंत?"

"ते दाताखाली कचकन येतं गं. काढून टाकलं. बादलीत."

बादली म्हणजे लुरिंगच्या डुकराची. गल्लीतल्या सगळ्या घरांचं उष्टं तिच्याकडे जातं आणि नाताळाला त्यातलं थोडं मांस होऊन परत येतं. मी धावत गेले. बादली धुऊन पालथी घातलेली होती. डुक्कर सावलीत आडवं पडून समाधानानं कान हलवत होतं.

"त्याच्याकडे असं नको बघूस," लुरिंग म्हणाली. "तुम्ही दिलंत, त्यानं खाल्लं. त्याची काय चूक?"

"चूक नाही, ताई."

"मग डोळे कशाला पुसतेस? आजारी पडेल का ते? नीट सांग, नाताळाचं डुक्कर आहे."

परत आले तर नानाय मागच्या भिंतीपाशी वाकून उभ्या होत्या. जळणाला म्हणून करवंट्या त्यांनी पत्र्याखाली रचल्या होत्या. "माझं मनगट दुखतं ना," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटी शेवटी खरवडणं जमेना. डोळ्यापाशी राहिलाय थोडा गर. यात चालेल का तुझं बोंड?"

तीन करवंट्यांमध्ये ते होतं. मुंग्या लागल्या होत्या, गर कडेनं पिवळा पडत चालला होता, पण बोंड पांढरं होतं. मी काही उपटलं नाही. लायाच्या उकळून वाळवलेल्या दुपट्यात करवंट्या तशाच गुंडाळल्या आणि ट्रायसिकल, म्हणजे आमच्याकडची रिक्षा, थांबवली. दुपारी प्रयोगशाळेची वीज आली होती. मॅडमनी स्वतः कुलूप काढलं. पोकळ नळीनं गर कापून भ्रूण काढले, ब्लीचमध्ये बुडवले, पुन्हा पुन्हा धुतले आणि बाटल्यांत ठेवून अंधाऱ्या कपाटात लावले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी श्वास सोडायचा, मग कापायचं. तू उलट करते आहेस."

दुसऱ्या दिवशी उरलेली बरणी घेऊन मी टेकडीवर गेले. सगळं सांगितलं. लोलो ऐकताना मान खाली घालून बसले होते.

"मी काय म्हणालो होतो?"

"चूल आणि बाई."

"हं." त्यांनी आतून चमचा आणला. पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. "साखर कमी आहे."

"सासूबाई चव न बघताच घालतात."

"फेलिसाचा यापेक्षा गोड व्हायचा." त्यांनी आणखी दोन चमचे खाल्ले, झाकण घट्ट लावलं आणि बरणी देव्हाऱ्यात, बायकोच्या फोटोशेजारी ठेवली. "ती तिन्ही जगतील?"

"माहीत नाही, लोलो."

"बरं झालं. या वेळी पटकन हो म्हणाली नाहीस."

पहिल्या बाटलीत आठवड्यातच कापसासारखी बुरशी आली. दुसरीतला भ्रूण तपकिरी होत होत विझला. तिसरीत काहीच झालं नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. पांढरा ठिपका तसाच.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. "आठ नारळांचा विषय संपला. पण एक गोष्ट बघ. माकापुनो आहे हे लोकांना कधी कळतं? बहुतेक वेळा नारळ फोडल्यावर. स्वयंपाकघरात. तोवर सगळे समजतात की आता तो फक्त खायचा. फोडलेल्या नारळातला भ्रूण किती वेळ तग धरतो, हे कुणी मन लावून बघितलंय का?"

"मला तरी सापडलं नाही, मॅडम."

"एखादा दिवस धरत असेल, तर प्रत्येक मिठाईवालीचं घर म्हणजे रोपवाटिका. हा तुझा विषय. पण आधी ते कपाटातलं जगायला हवं. नाहीतर हा विषय नाही, नुसता घोटाळा आहे. आणि तुझ्या शिष्यवृत्तीला तिसरा विषय शोधण्याइतका वेळ उरलेला नाही."

म्हणजे फेलिसाचं झाड आणि माझं शिक्षण, दोन्ही आता एकाच बाटलीत होतं. जहाजावर नोकरीला असलेला माझा नवरा ओदेल फोनवर म्हणाला, "नाही जमलं तर राहू दे. मनिलात फोनवर बोलायची नोकरी कुठंही मिळेल तुला. बोलायला कमी नाहीस." तो प्रेमानं म्हणाला, तरी दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

मी रोज सकाळी कपाटासमोर उभी राहायचे.

"झाकण उघडलंस तर तुला बाहेर काढीन," मॅडम म्हणायच्या.

"बाहेरूनच बघते."

"बघण्यानं काही वाढत नसतं. लायासुद्धा नाही."

एकदा नानायनी हट्ट धरला, मलाही दाखव. लायाला कडेवर घेऊन आल्या. बाटली हातात घेऊन त्यांनी डोळे बारीक केले, मग अंगठा जिभेला लावून काचेवर टेकवला आणि पुटपुटल्या, "पुएरा उसोग." बाळाला कुणाची नजर बाधू नये म्हणून आमच्या बायका करतात तेच.

"नानाय, इथं सगळं निर्जंतुक असतं."

"बाहेरून लावलं गं. आतलं तू माझ्या हाती देतेस कुठं?"

त्या गेल्यावर मॅडम कुठं आहेत ते बघितलं, आणि मीही अंगठा लावला. पदवीला मी वर्गात पहिली आले होते.

मिठाई करणाऱ्या बायकांकडे नानाय स्वतःहून जाऊ लागल्या. मी झाकणाच्या स्वच्छ बाटल्या द्यायचे, त्या वाटून यायच्या. "डोळ्याकडचा गर खरवडू नका, त्यात माझ्या सुनेचं शिक्षण आहे," असं सांगायच्या. बाजारातली एकजण म्हणाली, "सुनेला बोंडांवर ठेवलंय का, सिद्रा? घरी भात नाही शिजत?" नानायनी तिला उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही, पण त्या बाईकडून सगळ्यात जास्त बाटल्या भरून येत राहिल्या. त्या सगळ्या कपाटात रांगेनं लागल्या. मी मात्र अजून त्या तिसऱ्या बाटलीपाशीच उभी.

एका सकाळी त्या ठिपक्याला तांदळाच्या कणीएवढं टोक आलं होतं. मी मॅडमना हाक मारली नाही. वाटलं, हाक मारली तर ते परत आत जाईल. त्यांना आपोआपच कळलं, म्हणाल्या, "श्वास घे, वेर्ना."

टोकाचा कोंब झाला, कोंबाचं पान झालं, खाली मूळ वळलं. लाया तोवर चालायला लागली होती आणि टेबलांच्या कोपऱ्यांशी माझं वैर सुरू झालं होतं. रोप बाटलीतून काढून मातीत लावलं तो दिवस सगळ्यात भीतीचा. बाटलीतल्या पानांना वाऱ्याची, कोरड्या हवेची सवय नसते. म्हणून वर प्लास्टिकची पिशवी घालायची आणि तिला थोडी थोडी भोकं पाडत जायची, म्हणजे रोप हळूहळू बाहेरचं होतं. मॅडम सांगायच्या, आज आणखी दोन भोकं पाड. मी सुई हातात घ्यायचे आणि म्हणायचे, उद्या. उद्या ढग आले की परवा. परवा लायाला शिंका आल्या की आणखी पुढं. तिच्या शिंकांचा रोपाशी काय संबंध, हे मला आजही सांगता येणार नाही.

पानाची कडा काळी पडली. मॅडमनी पिशवीत बोट घालून बघितलं. आतून पाणी निथळत होतं.

"हे वाऱ्यानं नाही झालं," त्या म्हणाल्या. "कुजतंय. तू याला जपून जपून मारते आहेस."

"पिशवी काढली आणि सुकलं तर?"

"सुकेल. पण ठेवलीस तर कुजेलच. काढ."

"तुम्ही काढा ना, मॅडम."

"माझं नाही ते."

मी काळी कडा कापली आणि पिशवी काढली. संध्याकाळी पान लोळलं. मी कुंडीपाशी बसून राहिले, आणि घरी आल्यावर पहिल्यांदाच लायाच्या नाकाखाली बोट न धरता झोपले, इतकी दमले होते. सकाळी पान अर्धं वर होतं. दुपारी ताठ. त्या आठवड्यात मी लायाला अंगणात एकटं सोडून दारातून बघायला शिकले. ती पडली, तिनं माझ्याकडे बघितलं, मी हललेच नाही म्हणून रडायचं रद्द करून उठली.

अंतिम परीक्षेला नानायनी पुन्हा माकापुनो केला. दिमायुगा सर चमचा हवेत धरून थांबले. "आज खायच्या आधी विचारतो. हा कुणाचा प्रबंध आहे?"

"आज नुसता नारळ आहे, सर. बोंडं कपाटात आहेत."

"मग वाढ."

रोप आम्ही टेकडीवर लावलं, जुन्या झाडाचा बुंधा लोलोंनी तसाच ठेवला होता, त्याच्या जवळ. नानाय गुडघे धरत धरत वर आल्या होत्या. लोलोंना ओळख करून दिली तर ते म्हणाले, "म्हणजे ती बाई तूच. साखर कमी घालतेस."

"आणि तुम्ही बरणी परत दिली नाहीत," नानाय म्हणाल्या.

लोलोंनी माती दाबली. "फळ कधी?"

"पाच-सहा वर्षांनी," मी म्हणाले. "आणि ते माकापुनोच असेल."

"मला तेवढं थांबायला लावतेस?"

"हो."

"बरं. सांगतेस तर थांबतो."

आता लाया आणि मी जपानात आहोत. पुढच्या पदवीसाठी इथल्या एका प्रयोगशाळेनं मला घेतलं, ते त्या फोडलेल्या नारळांच्या कामावरच. इथं थंडी आहे, लायाच्या नाकाला सतत पाणी आहे, आणि माझ्या कपाटात पुन्हा बाटल्या आहेत. लोलोंना मी दर रविवारी फोन करते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोघंही ओरडतो. ते रोपाची पानं मोजून सांगतात, मी मोजायला सांगितलेलं नसतं. गेले काही रविवार फोन नुसता वाजतो. लुरिंग म्हणते, टेकडीवरचा फोनचा मनोरा वादळानं पडलाय, एवढंच असेल. नानायचे गुडघे आता तो चढ चढू देत नाहीत. एवढंच असेलही. पण मला माझा स्वभाव माहीत आहे आणि त्यांचं वय पण.

तुमच्यापैकी कुणी लगुनाच्या बाजूला जाणार असेल तर नागकार्लानच्या वर, चर्चच्या मागून जो रस्ता चढतो, तिथं शेवटच्या फाटकापर्यंत जा. फाटकातून मोठ्यानं "ताओ पो" म्हणा, म्हणजे "दारात कुणी आलंय". एकदा म्हणून निघून येऊ नका, त्यांना तिसऱ्या हाकेला ऐकू जातं. कसे आहात असं विचारू नका, ते बरा आहे म्हणतील आणि फाटक उघडणार नाहीत. झाडाला किती पानं आली, असं विचारा. मग ते खुर्ची काढतील. ते पाणी कमी पितात आणि झाडाला जास्त घालतात. दोन्ही बघा, आणि मला कळवा.